भरून देऊ

एखादी गोष्ट वाया गेली की लोक ती खड्ड्यात गेली म्हणतात. धाकट्याचं शेत खरोखरच खड्ड्यात गेलं होतं, आणि तरी ते वाया गेलं असं मानायला त्याची बायको तयार नव्हती. तिला सगळे धाकटीच म्हणत. कोणी चिडवलं की ती फणकारायची, "खड्ड्यातच गेलंय ना? पळून तर नाही गेलं?"

ती या घरात आली तेव्हा शेत नव्हतंच. नदीकाठच्या काळ्या मातीखाली गोट्यांचा जाड थर होता, आणि खडीवाल्या कंपनीला तो हवा होता. सासऱ्यांनी जमीन खणायला दिली होती ती एका बोलीवर. वरची काळी माती बाजूला ढीग घालून ठेवायची, खालची खडी कंपनीने न्यायची आणि खडी संपली की खड्डा भरून द्यायचा. भरून देऊ, असं कंपनीचा माणूस म्हणाला, सासरे बरं म्हणाले, आणि दोघांनी चहा घेतला. सासरे गेले, जमीन आईच्या नावावर आली, आणि दोघा भावांनी वाटणी केली तीही तोंडीच. थोरला म्हणाला, "घर मला राहू दे, शेत तू घे." धाकट्याने शेत घेतलं. शेताच्या जागी तेव्हा घरं गिळेल एवढा खड्डा होता आणि त्यात खडी चाळायचं यंत्र धडधडत होतं. लोक पोट धरून हसले. धाकटा बायकोला आणि आईला घेऊन कामगारांच्या खोल्यांत राहायला गेला, आणि शेत परत मिळायची वाट बघत त्याच खड्ड्यातली खडी उपसू लागला. याला भोळेपणा म्हणा नाहीतर धीर म्हणा. भावावर विश्वास टाकणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला खडी संपली. यंत्रं निघून गेली आणि नवे साहेब आले. एका रांगेत तीन खड्डे होते. त्यांचे तलाव करायचे, शहराला पाणी न्यायचं, काठाने बाग, फिरायची वाट, दुकानांचे गाळे, होड्या, असं काय काय होणार होतं. थोरला आता मुकादम झाला होता. त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं, "पहिल्या दोन्ही खड्ड्यांत पाणी. तिसरा आमचा. तो भरून द्यायचा आहे."

झालं. धाकटीला त्या दिवसापासून जेवण गोड लागायला लागलं.

तिसऱ्या खड्ड्याचं काम सुरू झालं तेव्हा ऊन असं होतं की घमेल्याच्या कडेने बोटं भाजावीत. गाड्या चिकणमाती आणून ओतायच्या. बायका ती फावड्यांनी पसरायच्या, पाणी शिंपडायच्या, पायांनी तुडवायच्या. तळाला रोलर फिरायचा. पण खड्ड्याच्या उतारावर रोलर चढत नाही, तिथे माणूस लागतो. जाड दांडा आणि खाली लोखंडाचा चौकोनी ठोकळा, असा धुमस दोन्ही हातांनी उचलायचा आणि सोडायचा. उचलायचा आणि सोडायचा. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, दुसऱ्यात फुटतात, तिसऱ्यात माणूस हात धुतानाही मूठ पूर्ण उघडत नाही. धाकटा धुमस मारायचा आणि धाकटी त्याच्या पुढे माती पसरत जायची. एकमेकांशी बोलायला त्यांना दुसरीकडे कुठे वेळ होता? जे काय बोलायचं ते उतारावरच.

"आपलं शेत नेमकं कुठं होतं हो?" एकदा तिने विचारलं.

धाकट्याने धुमस टेकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आभाळाकडे बोट केलं. "तिथं."

"ऊन लागलं वाटतं डोक्याला."

"अगं, खरंच तिथं. जमीन तेवढ्या उंचीवर होती ना. तो कावळा चाललाय बघ, त्याच्या पायाखाली आपला बांध. आणि आत्ता तुझ्या डोक्यावर मिरचीचे वाफे."

"लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या डोक्यावर मिरेच वाटताय," धाकटी म्हणाली, "तिथं मिरचीचं काय घेऊन बसलात!"

धाकटा हसला आणि हसता हसता खोकला. मातीची धूळ छातीत बसली होती. धाकटी मात्र बराच वेळ वर बघत राहिली. आपल्या डोक्यावर एवढं मोठं शेत आहे आणि आपण त्याच्याखाली उभ्या आहोत, हे तिला फार आवडलं. त्या दिवसापासून ती काम करता करता वर बघायची आणि म्हणायची, "कांदा त्या बाजूला घेऊ. पाणी लवकर पोचतं." तो म्हणायचा, "तिकडं वांगी." त्यावरून दोघांचं भांडण व्हायचं. हवेतल्या शेतावरून इतकं भांडलेलं जोडपं दुसरं नसेल.

थोरला छत्री घेऊन खड्ड्याच्या कडेने फिरायचा. तो दोघांच्या डोक्यावर येऊन थांबला की सावली खाली पडायची, तेवढाच गारवा.

"हा कोपरा सैल वाटतोय रे," तो वरून म्हणाला. "अजून एक थर घ्या."

"दादा, वर माती भरायची तर खाली एवढं कुटायचं कशाला?" धाकट्याने विचारलं.

"खाली चिकणमाती बसली की वरची माती ओल धरते. पाया कच्चा ठेवून कोणी घर बांधतं का? आणि परक्याचं काम असल्यासारखं काय करताय? आपलं आहे म्हणून करा!"

हे मात्र धाकट्याच्या मनाला लागलं. आपल्याच कामात आपण कसूर केली? मग काय विचारता! भोंगा झाला, बाकीचे हातपाय धुऊन घरी निघाले, तरी हे दोघं आपल्या कोपऱ्यात माती कुटत. इतरांना जिथे तीन थर तिथे यांनी पाच घातले. शेजारी एक बाई काम करायची, तिच्या आवाजामुळे तिला सगळे तोफ म्हणत. ती एक दिवस धाकटीला म्हणाली, "अगं, पाणी भरायच्या खड्ड्यांतही एवढं घट्ट नाही कुटलं. यातून मुंगीसुद्धा आत शिरायची नाही."

"तुमचं काय जातंय?" धाकटी म्हणाली. "आमचं आहे, आम्ही कुटतो."

"कुट बाई. माझे कान किटले, एवढंच."

रस्त्याच्या बाजूला काळ्या मातीचा ढीग होता. सासऱ्यांच्या शेताची वरची माती ती. वर्षानुवर्षं तिथेच पडून होती, तिच्यावर गवत उगवायचं आणि वाळायचं. ढीग घराएवढा उंच. त्याची राखण धाकटीने केली होती. कोणी घमेलंभर माती कुंडीसाठी उचलली तरी ती धावत जायची. एकदा वीटभट्टीवाले गाडी घेऊन आले होते तेव्हा ती ढिगाच्या टोकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "आधी मला उचला, मग माती." तिला उचलायची कोणाची हिंमत झाली नाही. तेव्हापासून लोक तिला मातीची सासू म्हणायला लागले. म्हणू देत. ढिगात हात घातला की कोपरापर्यंत आत जायचा आणि आत गार लागायचं. तेवढं तिला पुरे होतं.

एका सकाळी ढिगाशी ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. माणसं फावडी घेऊन चढली. धाकटी काठी उचलून धावली, तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मावशी, मारू नका, मुकादमांनीच सांगितलंय. माती हलवायची आहे."

धाकटीच्या हातातली काठी गळाली. दिवस आला म्हणायचा! तिने स्वतः फावडं घेतलं आणि पहिली ट्रॉली भरायला मदत केली. मातीला इतक्या वर्षांनी पुन्हा वास सुटला होता. ट्रॉली निघाली तशी तीही मागोमाग निघाली. पहिली खेप खड्ड्यात पडताना तिला बघायची होती.

ट्रॅक्टर खड्ड्याच्या कडेने गेला आणि गेला तो जातच राहिला. उतरायची वाट मागे पडली. पुढे काठावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, तिथे त्याने ट्रॉली उलटी केली.

"अहो, खड्डा तिकडं आहे," धाकटी ओरडली.

"मला काठावरच टाकायला सांगितलंय," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "इथं हिरवळ करायची आहे. रेघा दिसतात ना, ते गाळे. हा पहिला गाळा मुकादमांचा. चहाचं दुकान टाकणार आहेत म्हणे."

"आणि खड्ड्यात?"

"खड्ड्यात काय? पाणी."

त्याने ते इतक्या सहज सांगितलं, की धाकटीला वाटलं आपण चुकीच्या खड्ड्याबद्दल विचारलं. तिने पुन्हा विचारलं, "या खड्ड्यात? तिसऱ्यात?"

"तिन्हींत. तिसऱ्यात होड्या. मावशी, तुम्ही कामाला कुठं आहात?"

ती कुठे कामाला होती, हे सांगायला ती तिथे थांबली नाही. उतारावरून घसरत, हातांनी माती धरत ती खाली धाकट्यापाशी आली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. धाकट्याने ऐकलं. त्याचा चेहरा काही बदलला नाही. तो म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याला काय कळतंय? दादाला विचारू." आणि पुन्हा धुमस उचलला. ओला थर अर्धा सोडला तर तडकतो, म्हणून हातातला थर त्याने आधी पुरा केला. धाकटी बाजूला उभी राहून ते बघत होती. तिला त्याचा तेव्हा राग आला की कीव आली, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दोघं थोरल्याच्या घरी गेली. आई तिथेच ओट्यावर बसली होती. ती जेवायला धाकट्याकडे आणि दिवसभर बसायला थोरल्याकडे, असं तिचं हल्ली चाललं होतं. थोरलीने चहा आणला. कपाची दांडी तुटलेली नव्हती, म्हणजे पाहुण्यांचे कप काढले होते. धाकटीला तिथेच काय ते कळलं.

"दादा, तिसऱ्यात पाणी?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने चहाचा घोट घेतला. "भरून देणार म्हणालो होतो ना? भरून देतोय."

"माती भरायची होती."

"माती मी म्हणालो का? आठव. मी भरून देणार एवढंच म्हणालो. काय भरणार ते तू विचारलंस का कधी?"

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "पोट भरलं म्हटल्यावर कोणी विचारतं का, अन्नानं भरलं का गोट्यांनी?"

"तू मधे बोलू नकोस."

"मधे नाही, शेवटी बोलतेय. तुमच्यात तर बोलून झालेलं दिसतंय सगळं."

थोरला उठून येरझारा घालू लागला. एवढा खड्डा मातीने भरायचा तर एक डोंगर आणावा लागेल, तो कोण देणार? तो कंपनीचा माणूस कधीच गेला. साहेब म्हणाले तिन्ही तलाव केले तर काठाचा गाळा देतो, मुकादमी कायमची करतो. घरातल्या एकाचं तरी भलं झालं पाहिजे की नाही? हे सगळं तो भिंतीकडे बघून सांगत होता.

"मग आधी का नाही सांगितलंस?" धाकट्याने विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"सांगितलं असतं तर तू काम सोडून बसला असतास. तुझ्यासारखा धुमस मारणारा मला दुसरा कुठून मिळणार होता?"

ही तारीफ होती. थोरल्याने ती खरोखर तारीफ म्हणूनच केली होती, हे सगळ्यात वाईट. धाकटा आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

धाकटीने सासूकडे वळून पाहिलं. "आई, जमीन तुमच्या नावावर. तुम्हाला कोणी विचारलं नाही?"

म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "साहेब आला होता. मला म्हणाला, आजी, मातीनं भरू की पाण्यानं? मी म्हटलं, मला बाई काय कळतंय, थोरल्याला विचारा."

"तुम्हाला माहीत होतं!" धाकटी उभीच राहिली. "आम्ही दिवसभर तिथं मरतोय, रात्री तुमच्यासमोर जेवायला बसतोय, कांदा कुठं लावायचा म्हणून भांडतोय. तुम्ही ऐकत होता ना आई?"

"ऐकत होते."

"आमच्यात जेवता आणि..."

"जेवते गं तुमच्यात. नाही कुठं म्हणते?" म्हातारीचा आवाज कापत होता, पण तिने शब्द गिळले नाहीत. "पण मरायला माणसाला आपलं घर लागतं. तुमच्या त्या खोलीत मी मरू का, भाड्याच्या? याने मला पुढची खोली देतो म्हटलंय."

चहावर साय धरली होती. धाकट्याने कप तसाच ठेवला आणि दोघं बाहेर पडली. आई त्या दिवशी जेवायला आली नाही, आणि नंतरही आली नाही.

वाटेत धाकटा म्हणाला, "साहेबांकडं जाऊ. दोघंही. तू बोल, तुला बोलता येतं. मी शेजारी उभा राहतो."

"उभे राहाल?"

"राहीन म्हणतो ना."

धाकटीला रडू आलं नव्हतं ते तेव्हा आलं. गेलं तर गेलं शेत, पण नवरा आपल्या बाजूला उभा राहतो म्हणाला, हे काय कमी होतं?

साहेब त्या आठवड्यात आलेच नाहीत. पाणी मात्र आलं. नदीकडून चर खणलेला होता, त्याच्या तोंडाची लोखंडी फळी वर ओढली, आणि तांबूस पाण्याची जीभ चरातून सरपटत आली. लोक टाळ्या वाजवत होते. पाण्याने आधी तळ चाटला, मग उतार चढायला लागलं. धाकट्या-धाकटीच्या कोपऱ्यापाशी पोचायला त्याला दोन दिवस लागले. इतर ठिकाणी मातीतून बुडबुडे येत होते, कुठे पाणी झिरपत होतं, कारागीर धावपळ करत होते. यांच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा वर आला नाही. पाचही थर पाण्याखाली गेले, आणि पाणी तिथे गुळगुळीत उभं राहिलं. "याला म्हणतात काम," असं कोणीतरी म्हणालं.

मग दुसरंच एक संकट निघालं. कामगारांच्या खोल्यांमागे एक विहीर होती. उघड्या खड्ड्यांतून झिरपणारं पावसाचं पाणी तिला मिळायचं, म्हणून ती कधी आटली नव्हती. खड्डे आतून बंद झाले तशी विहीर खाली खाली जायला लागली, आणि एक दिवस बादली नुसती आपटली. तोफ काठावरून आत वाकून बघत होती. तिचा आवाज विहिरीत घुमला, "अजून पाच थर घालायचे होते! आमच्या तोंडचं पाणी पळवलंत गं बायांनो!" आता पाणी मिळायचं ते मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळावर, आणि तिथे रांगेत अर्धा दिवस जायचा.

अखेर साहेब येणार असं कळलं. धाकटीने सकाळी धुतलेले कपडे घातले, केस विंचरले, मनातल्या मनात बोलायचं सगळं लावून घेतलं. सुरुवात सासऱ्यांच्या बोलीपासून करायची, रागावायचं नाही, गाळ्याचं नाव शेवटी काढायचं. धाकटा म्हणाला, "मी जरा बघून येतो साहेब आलेत का," आणि गेला. ती दारात बसून राहिली. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, खोलीभर पसरलं. तो आला तेव्हा त्याच्या अंगात निळा सदरा होता, नवा, घड्यांच्या रेघा तशाच असलेला, आणि गळ्यात दोरीला शिट्टी होती.

"हे काय?"

"राखणदाराची जागा निघाली तलावावर. कायमची आहे. सावलीतली आहे." तो तिच्याकडे न बघता सदऱ्याची बटणं चाचपत होता. "दादानं शब्द टाकला माझ्यासाठी."

"आणि आपलं बोलायचं?"

"बोललो की. साहेब म्हणाले, राखणीला घरचाच माणूस बरा."

"शेताचं काय म्हणाले?"

धाकट्याने गळ्यातली शिट्टी सदऱ्याच्या आत सारली.

"तुम्ही विचारलंच नाही," ती म्हणाली. "मी बोलायचं ठरलं होतं. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहायचं होतं हो. तेवढंच काम होतं तुमचं."

"तू बोलली असतीस तर हेही गेलं असतं," धाकटा म्हणाला. "किती दिवस धुमस मारू? छाती बघतेस ना माझी?" आणि जणू पुरावा म्हणून त्याला खोकला आला.

खोटं नव्हतं ते. छाती खरंच गेली होती. पण दोघांचं ठरलेलं असताना तो एकटा गेला आणि एकटाच काहीतरी घेऊन आला, हे धाकटीच्या मनात खड्ड्यापेक्षा खोल गेलं. तिने धुतलेले कपडे उतरवून घडी घालून ठेवले आणि जुने घालून कळशी उचलली. एका माणसाने चूक केली तर भांडता येतं. इथे तर रांग लागली होती.

पुढे काही दिवस घर नीट चाललं. म्हणजे चूल पेटायची, दोघं जेवायची. धाकटीला तलावाच्या बागेत गवत लावायचं काम मिळालं. काळी माती सगळीकडे पसरली होती आणि तिच्यावर तिने मुळांसकट कापलेल्या हिरवळीच्या चिपा बसवायच्या होत्या. आपल्याच मातीवर तिने दुसऱ्याचं गवत लावलं. पहिल्या गाळ्यात थोरलीने चहाची शेगडी मांडली होती आणि गिऱ्हाइकांशी ती फार गोड बोलायची.

त्या दुपारी धाकटीचा घसा सुकून लाकूड झाला होता. घरातलं पाणी सकाळीच संपलं होतं. नळावर जावं तर रांग. समोर तीन तलाव तुडुंब भरलेले. तिसऱ्यावर राखणीला धाकटाच होता. आपलाच माणूस आहे, एका कळशीने काय होतंय, असं तिच्या मनात आलं आणि ती कळशी घेऊन उताराने खाली उतरली. उतार तिच्या पायांच्या ओळखीचा होता. डोळे मिटून उतरली असती तरी घसरली नसती. पाणी घोट्याला लागलं, मग पिंढऱ्यांना. तिने कळशी आडवी केली आणि पाणी बुडबुडत आत शिरू लागलं.

वर काठावर साहेब आले होते. त्यांच्याबरोबर शहरातली चार माणसं तलाव बघायला आलेली, आणि मागे छत्री धरून थोरला. धाकटीने त्यांना पाहिलं नव्हतं. धाकट्याने पाहिलं होतं.

शिट्टी वाजली. लांब आणि कर्कश.

धाकटीने मान वर करून आधी मागे पाहिलं, मग पलीकडच्या काठाकडे. कोणी पोरं पाण्यात उतरली असतील. कोणीच नव्हतं. शिट्टी पुन्हा वाजली.

"ओ बाई!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तो तिला अगं म्हणत आला होता. अगं हेच तिचं नाव झालं होतं. रागात अगं, लाडात अगं, आजारपणात अगं. वाटेत एखाद्या अनोळखी बाईचा धक्का लागला तर तो जसं बाई म्हणाला असता, तसं तो आत्ता म्हणाला होता.

"मला म्हणताय?" तिने विचारलं.

"तुम्हालाच. बाहेर या. पाण्यात उतरायला मनाई आहे." तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत बोलत होता. मग काठाकडे एकदा पाहून त्याने आवाज आणखी चढवला. "आणि ते पाणी ओता. ओता परत."

काठावर सगळे थांबले होते. थोरल्याने तोंड फिरवलं, आणि छत्री साहेबांवरून किंचित सरकली तशी घाईने सारखी केली. धाकटीने कळशी तिरपी धरली. पाणी पडायला फार वेळ लागला, कळशीचं तोंड लहान असतं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि मग उतार चढून वर आली.

"चुकलं, साहेब," ती धाकट्याला म्हणाली.

"माणूस चोख दिसतो," पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला.

"आमच्या मुकादमांचा भाऊच आहे," साहेबांनी सांगितलं.

ती बाई कोण, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. धाकटी त्यांच्यासमोरून गेली, हिरवळीच्या कडेने, चहाच्या गाळ्यापुढून. जाऊ आतून हाक मारत होती, "अगं ये, चहा घे," पण ती थांबली नाही.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर धाकटा जरा उशिरानेच खोलीवर आला. शिट्टी गळ्यातून काढून त्याने खिळ्याला लावली, सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि भिंतीला टेकून बसला. धाकटी दिव्याच्या उजेडात फाटका कपडा शिवत होती. तिने वर पाहिलं नाही. एकदा त्याने, "ते साहेब समोर होते म्हणून..." अशी सुरुवात केली आणि सोडून दिली. सावलीतली नोकरी म्हणायची, पण दिवसभर उन्हात उभं राहून त्याचे ओठ फुटले होते.

"अगं," तो म्हणाला, "पाणी दे."

"मनाई आहे," धाकटी म्हणाली, आणि दोरा दातांनी तोडला.

त्याला वाटलं ती चिडवते आहे. बरंही वाटलं, कारण चिडवते म्हणजे बोलते. तो हसत उठला आणि त्याने माठावरचं झाकण काढलं. माठ कोरडा होता. कळशी कोपऱ्यात पालथी होती. बादलीही कोरडी. चुलीवर भात नव्हता, भाताला पाणी लागतं. तो तिच्याकडे वळला, पण ती आता सुईत नवा दोरा ओवत होती आणि त्या कामात तिचं पूर्ण लक्ष होतं. तिच्याही ओठांवर चिरा पडल्या होत्या.

धाकट्याने कळशी उचलली. दारात तो क्षणभर थांबला, निळ्या सदऱ्याची बटणं पुन्हा लावली, आणि तुडुंब भरलेल्या तलावाच्या काठाने मोठ्या रस्त्यापलीकडच्या नळाकडे निघाला.